मुंबईत गर्दीच्या हॉटेलात जेवायला जाताना: वार ठरवण्यापासून बिल तपासण्यापर्यंत

रविवारी दुपारी दीड वाजता आठ जणांनी दादरच्या मालवणी हॉटेलासमोर उभं राहायचं, तासाभराने दोन वेगळ्या टेबलांवर बसायचं, भूक खवळलेली म्हणून सगळं एकदम मागवायचं, भाकरी येईपर्यंत कालवण गार करायचं आणि शेवटी बिल न वाचताच क्यूआर स्कॅन करायचा. बहुतेक जेवणं याच क्रमाने फसतात आणि दोष मात्र हॉटेलच्या नावावर जातो. अशा हॉटेलांचं गणित साधं असतं: एक टेबल दुपारभरात किती वेळा रिकामं होऊन पुन्हा भरतं, त्यावर सगळा धंदा. स्वयंपाकघर त्या वेगाने चालतं, वाढपी त्या वेगाने चालतात. आपण त्या वेगाशी जुळवून घेतलं तर त्याच हॉटेलात त्याच पैशात कितीतरी चांगलं जेवता येतं. पुढचे टप्पे त्यासाठी आहेत.

## टप्पा १: आधी वार, मग हॉटेल

लोक आधी हॉटेल ठरवतात आणि मग सुट्टी बघतात. उलट करा.

मासे आणि मटण. मराठी घरांत सामिष खाण्याचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा तरी वार बरेच जण पाळतात. मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांची गर्दी याच हिशोबाने वरखाली होते. रविवार दुपार सर्वांत वाईट. गुरुवारी जागा पटकन मिळते, पण माल कमी आणलेला असतो आणि तिसऱ्या (शिंपले), खेकडे यांसारखे पदार्थ नसण्याची शक्यता जास्त. आमचं मत बुधवार किंवा शुक्रवार दुपारच्या बाजूने: खप चांगला म्हणून मासा ताजा, आणि रविवारइतकी झुंबड नाही.

आषाढाच्या शेवटी, गटारीच्या आधीच्या रविवारी तर जाऊच नका. श्रावण लागला की हीच हॉटेलं मोकळी होतात.

पावसाळा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत हॉटेलात मिळणारं पापलेट आणि सुरमई बरीचशी बर्फातली किंवा बाहेरच्या राज्यातून आलेली असते आणि भावही चढलेला असतो. या काळात कोंबडी-वडे, सुकट, सुका जवळा, अंडा मसाला यांकडे वळणं शहाणपणाचं.

फराळी पदार्थ. संकष्टी, एकादशी आणि विशेषतः अंगारकीला दादर-प्रभादेवी पट्ट्यात सिद्धिविनायकाची गर्दी आणि साबुदाणा वड्याची गर्दी एकत्र येते. उपास नसेल तर दुसरा दिवस निवडा.

माटुंग्याचा नाश्ता. रविवारी सकाळी नऊ ते अकरा ही सर्वांत मोठ्या रांगेची वेळ. साडेसातला पोहोचा, नाहीतर दुपारी तीननंतर जा. सोमवारी निघण्याआधी फोन करा. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

> तपासा: हॉटेल दुपारी किती वाजता बंद होतं, हे फोनवर विचारताना "बंद कधी" असं विचारू नका. "शेवटची ऑर्डर कितीला घेता?" असं विचारा. साडेतीनला शटर ओढणाऱ्या ठिकाणी सव्वातीनला पोहोचून काही उपयोग नसतो. बेलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल तर मुळात दुपारच्या जेवणासाठीच ओळखलं जातं.

## टप्पा २: किती जण आणि कोण

जुन्या हॉटेलांतली टेबलं चौघांची. चौघे असाल तर नंबर लवकर लागतो, पाच झालात की सहाच्या टेबलाची वाट बघावी लागते, आणि आठ जण एकत्र बसण्याचा हट्ट धरलात तर तुमच्यानंतर आलेले तिघे-चौघे आधी आत जातील. त्यात अन्याय काही नाही. आठ असाल तर आधीच चार-चार अशी वाटणी करून दोन नावं लावा, आणि मुलं कोणाबरोबर बसणार हे घरूनच ठरवा.

बरोबर वयस्कर माणसं असतील तर तीन गोष्टी विचारून घ्या. बसायची जागा तळमजल्यावर आहे का, कारण अनेक ठिकाणी एसीचा भाग पोटमाळ्यावर असतो आणि जिना उभा असतो. शौचालय आहे का, कारण छोट्या हॉटेलांत ते नसतंही. आणि बाहेर थांबायला खुर्ची किंवा बाक आहे का.

पथ्य आणि ॲलर्जी बसल्यावर आठवून चालत नाही. साबुदाणा वड्यात शेंगदाणा असतोच असतो, उपासाच्या थालीपिठात आणि कोशिंबिरीतही बहुधा असतो. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे गहू वर्ज्य असणाऱ्याने सांबार "फक्त डाळीचं" समजून खाऊ नये. मासे तळणाऱ्या तव्यावर कोलंबीही तळली जाते. उपास कडक असेल तर साबुदाणा वड्याची कढई बटाटेवड्यापासून वेगळी आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग कोणी मानत नाही.

## टप्पा ३: पोहोचणं

गाडी नेऊ नका. दादर, गिरगाव, माटुंगा या तिन्ही ठिकाणी पार्किंग शोधण्यात नंबर जातो.

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर दिवसा मेगाब्लॉक असतो, आणि तो नेमका दुपारच्या जेवणाच्या वेळेवर येतो. आदल्या दिवशीच त्याचं वेळापत्रक बघून ठेवा. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांसाठी उतरायचं ते मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकात, पूर्वेला. कॅफे मद्राससाठी हार्बरचं किंग्ज सर्कलही सोयीचं. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड हे वेगळं स्थानक आहे आणि तिथे उतरून चालत येणारे पाहुणे दर रविवारी भेटतात.

## टप्पा ४: नंबर लावणं

१. पोहोचल्याबरोबर दाराशी वही घेऊन उभा असलेला माणूस शोधा. रांग दिसली म्हणून नुसतं शेपटाला उभं राहणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. अनेक ठिकाणी रांग म्हणजे फक्त थांबलेली गर्दी असते, खरा क्रम वहीत असतो.

२. नाव लहान आणि ऐकू येईल असं सांगा, आणि माणसांचा आकडा खरा सांगा. "चार" सांगून सहा आलात तर नंबर मागे जातो.

३. नाव लिहिताना किती टेबलं पुढे आहेत ते विचारा. नाश्त्याच्या ठिकाणी टेबल साधारण वीस ते तीस मिनिटांत मोकळं होतं, थाळीच्या ठिकाणी चाळीस ते पन्नास. यावरून थांबायचं की नाही ते ठरवा.

४. सगळे आल्याशिवाय बसवत नाहीत. "दोघं गाडी लावतायत" हे कारण चालत नाही.

५. थांबलेल्या वेळात बाहेर लावलेली पाटी किंवा मेनूचा फोटो वाचून घ्या. आत गेल्यावर वाचायला दोनच मिनिटं मिळतात.

उडुपी हॉटेलात आणि इराण्याकडे अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं. दोघेच असाल तर "शेअरिंग चालेल" असं आपणहून सांगा. नंबर लगेच लागतो. माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये (१९४२ पासून) केळीच्या पानावर जेवायचं असेल, तर मर्यादित थाळी की पोटभर, हे आत शिरण्याआधीच ठरवा.

> थांबा: जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहू नका. टेबल वहीवरूनच मिळतं, आणि जेवणाऱ्याचा घास मात्र अडकतो.

## टप्पा ५: बसल्यावर, मागवण्याआधी

एसी आणि साध्या भागाचे दर वेगळे असतात का ते बघा. कित्येक ठिकाणी दोन वेगळी मेनूकार्डं असतात. जीएसटी मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे "एसीत बसलात म्हणून जास्त टॅक्स" हे कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

पाण्याबद्दल पहिल्याच वाक्यात सांगा: "दादा, साधं पाणी." न सांगितल्यास बाटली येते, फोडली जाते आणि बिलात लागते. हॉटेलने बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून वाद घालण्यातही अर्थ नाही. बसून खाण्याच्या ठिकाणी तसे घेता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. पावसाळ्यात पोट नाजूक असेल तर बाटली घ्या, पण ती ठरवून घ्या.

मासे खाणार असाल तर मेनूतल्या किमतीकडे पाहण्याआधी विचारा, "आज काय ताजं आलंय?" आणि जिथे किमतीच्या जागी "एपीएस" लिहिलंय तिथे बोट ठेवून आजचा भाव विचारा. एपीएस म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे भाव. इथे तीन प्रश्न लागतात:

- भाव अख्ख्या माशाचा की तुकडीचा?
- मासा साधारण किती मोठा? कच्चा दाखवाल का?
- एका प्लेटमध्ये तुकड्या किती?

चांगल्या हॉटेलात ताटलीत घालून मासा दाखवतात. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लालसर, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं: एवढं बघितलं तरी पुरे. टेबलावर बिल आल्यावर पापलेटच्या भावाने डोळे पांढरे होतात ते हे तीन प्रश्न न विचारल्यामुळे.

## टप्पा ६: मागवण्याचा क्रम

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

### मालवणी आणि गोमंतकी

स्वयंपाकघरात काय तयार असतं ते आधी समजून घ्या. कालवण आणि सुक्कं मोठ्या पातेल्यात तयार असतं. गरम करून पाच मिनिटांत टेबलावर येतं. तळणीला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. भाकरी मागणीप्रमाणे थापली जाते आणि गर्दीत सगळ्यात उशिरा येते. म्हणून सगळं एकदम सांगितलं की कालवण पहिलं येतं, गार होतं, आणि भाकरी येते तेव्हा रश्श्यावर साय धरलेली असते.

चौघांसाठी हा क्रम ठेवा:

पहिली फेरी. फक्त तळण: एक प्लेट बोंबील आणि एक प्लेट कोलंबी किंवा मांदेली. याच वेळी "भाकऱ्या लावा, कालवण भाकरीबरोबरच आणा" असं सांगून ठेवा.

दुसरी फेरी. तळण निम्मं संपल्यावर एक कालवण, एक तिसऱ्यांचं सुक्कं आणि माणशी दोन भाकऱ्या.

तिसरी फेरी. भात. दोघांत एक प्लेट पुरते. सोलकढी भाताबरोबर आणि शेवटी. आधीच चार पेले रिकामे केले तर पुन्हा मागवावे लागतात आणि पोटही भरतं.

बोंबलाविषयी थोडं अधिक. हा मासा पाण्याने भरलेला असतो. साफ करून, मधून चिरून, वजनाखाली दाबून त्याचं पाणी काढलं तरच रव्याचं कवच कुरकुरीत होतं. चांगला बोंबील ताटात सपाट आणि ताठ पडतो, काट्याने दाबला की कवच तडकतं आणि आतला मासा लोण्यासारखा मऊ निघतो. काटाही चावून जातो. पण पाच-सात मिनिटांत आतली वाफ कवच मऊ करते. म्हणून बोंबील टेबलावर आला की फोटो नंतर, आधी खा. दोन प्लेट हव्या असतील तर एक संपत आल्यावर दुसरी सांगा, एकदम दोन कधीच नकोत.

मुलांना किंवा काट्यांची सवय नसलेल्यांना सुरमई, पापलेट द्या. बांगड्यात बारीक काटे जास्त. नुसतं "फिश फ्राय" किंवा "फिश फिंगर" लिहिलं असेल आणि माशाचं नाव नसेल तर तो बहुधा बासा नावाचा स्वस्त गोठवलेला मासा असतो. सुरमईची आडवी तुकडी ओळखणं सोपं: मधोमध गोल मणका आणि बाहेर चंदेरी कातडी. बिनकाट्याचा पांढराफटक चौकोनी तुकडा सुरमई म्हणून आला तर तिथेच विचारा. तिसऱ्यांत शिजूनही न उघडलेला शिंपला असेल तर तो फोडून खाऊ नका, बाजूला ठेवा.

वडे कोंबडीबरोबर मागवा. माशाच्या कालवणाला भाकरी किंवा भातच शोभतो, वड्याने तेल वाढतं आणि कालवणाची चव बुजते.

थाळी कोणी घ्यावी? एकट्याने किंवा पहिल्यांदा जाणाऱ्याने. थाळीत एक तुकडी, कालवण, सुक्कं, पोळी किंवा भाकरी, भात, सोलकढी असा सगळा नमुना मिळतो. थाळी दोघांत वाटून खाऊ देत नाहीत. चौघे असाल तर चार थाळ्यांपेक्षा वरचा क्रम बरा पडतो, कारण चार थाळ्यांत चौघांच्या ताटात तेच कालवण असतं.

### उडुपी

इडली-वडा तयार असतो, डोसा तव्यावरून येतो. आधी इडली किंवा रसम वडा मागवा, तो खाताना डोसे सांगा. चौघांचे चार डोसे एकदम मागवू नका: दोन येतील, दोन मागे राहतील आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतील, तोवर आलेले दोन मऊ पडतील. दोन-दोन मागवा, मधून तोडून खा. चटणी-सांबार पुन्हा मागता येतं. फिल्टर कॉफी खाणं संपत आल्यावर सगळ्यांची एकदम सांगा, आणि कॉफी संपली की उठा. बाहेर वहीत तुमच्यासारखीच माणसं थांबली आहेत.

### मराठी फराळाची हॉटेलं

शिवसेना भवनाजवळ प्रकाश आणि आस्वाद ही दोन नावं बहुतेकांना ठाऊक असतात. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, थालीपीठ हे तळणीतून किंवा तव्यावरून येतं तेव्हाच खायचं. मिसळीत पाव आधी बुडवून ठेवू नका, तर्री वेगळी मागा. पियुष गोड आणि घट्ट असतं. दोघांत एक पेला पुरतो, आणि ते शेवटी घ्या. मिसळीच्या आधी प्यायलात तर तिखटाची चवच लागत नाही.

### इराणी

लवकर जा, एवढंच महत्त्वाचं. धोबी तलावच्या कयानीत (१९०४) भट्टीचा माल लवकर संपतो, मावा केक तर आधी. बन पाव मऊ, ब्रून पाव कडक. ब्रून चहात बुडवल्याशिवाय खाल्लात तर टाळू सोलवटते. चहा आणि ब्रून मस्का एकदमच मागवा.

> तपासा: ऑर्डर देऊन झाली की वाढप्याला एकदा वाचून दाखवायला सांगा. "एक बोंबील, एक कालवण, आठ भाकरी." गर्दीच्या आवाजात आठाचे अठरा होत नाहीत, पण शेजारच्या टेबलाची प्लेट तुमच्या बिलावर जाते.

## टप्पा ७: काही बिघडलं तर

पहिल्या दोन घासांतच सांगा. अर्धी प्लेट संपवून "मासा शिळा होता" म्हटलं तर कोणी बदलून देत नाही, आणि ते योग्यच आहे. माशाला अमोनियासारखा उग्र वास, नारळाच्या चटणीला आंबूस वास, सोलकढीत फुटलेलं दूध: या तिन्ही गोष्टींत चव घेऊन बघण्याचा मोह टाळा आणि थेट परत पाठवा. वाढप्यावर ओरडू नका, त्याच्या हातात काही नसतं. गल्ल्यावरच्या माणसाशी बोला.

## टप्पा ८: बिल

बिल हातात आलं की या क्रमाने वाचा.

१. पदार्थ आणि संख्या. जास्तीची भाकरी, जास्तीचा भात आणि पाण्याच्या बाटल्या आधी मोजा. चूक असते ती इथेच.

२. सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानेही लावू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना उचलून धरल्या. नको असेल तर "सेवाशुल्क काढून नवीन बिल द्या" एवढंच शांतपणे सांगा.

३. जीएसटी. साध्या रेस्टॉरंटांत १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के: २.५ केंद्राचा, २.५ राज्याचा. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. क्रमांकच नसेल आणि तरी जीएसटी लावला असेल तर देऊ नका. 'कंपोझिशन' योजनेतली छोटी हॉटेलं गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊ शकत नाहीत. तसा मजकूर त्यांच्या बिलावर छापलेला असतो.

४. दारू. ती जीएसटीत येत नाही, व्हॅट वेगळा लागतो. तिचं बिल वेगळं येणं नेहमीचंच आहे.

५. अन्न परवाना. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक बिलावर असावा लागतो. पोट बिघडून तक्रार करायची वेळ आली तर हाच क्रमांक लागतो.

आकड्यांत बघा. जेवण १,२४० रुपयांचं. जीएसटी ३१ अधिक ३१, म्हणजे ६२. एकूण १,३०२. यात १० टक्के सेवाशुल्क घुसवलं तर १२४ वाढतात, जीएसटीही वाढीव रकमेवर लागून ६८.२० होतो आणि बिल १,४३२.२० वर जातं. १३० रुपये जास्त, आणि वाढप्याला ते मिळतीलच असं नाही. त्यापेक्षा टिप त्याच्या हातात रोख द्या.

ॲपवरची सवलत वापरायची असेल तर पैसे ॲपमधूनच भरा. आधी यूपीआयने भरून मग सवलत मागितली तर मिळत नाही. खिशात थोडी रोकड ठेवाच. पोटमाळ्यावर आणि तळघरात नेटवर्क जातं.

हॉटेलने ऐकलंच नाही तर तिथे भांडत बसू नका. बिलाचा फोटो काढा, पैसे द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

## टप्पा ९: पार्सल

उरलेलं बांधून घ्यायला लाजू नका, पण काय बांधायचं ते निवडा. कालवण, सुक्कं, भाकरी चांगली राहते. बोंबील आणि डोसा बांधू नका. घरी पोहोचेपर्यंत त्यांचं काही उरत नाही. सोलकढी आणि ओल्या नारळाची चटणी मुंबईच्या दमट हवेत दोन तासांत संपवावी किंवा फ्रीजमध्ये जावी. विरारची किंवा कर्जतची लोकल पकडायची असेल तर ती बांधूच नका.

पार्सल स्वतंत्रपणे मागवत असाल तर जेवायला बसतानाच सांगून ठेवा. बिल भरल्यावर सांगितलेलं पार्सल पुन्हा रांगेच्या शेवटी जातं. पिशवी हातात आली की गाठ सोडून डबे मोजा: भाकऱ्या किती, कालवणाबरोबर कांदा-लिंबू आहे का, झाकण घट्ट बसलंय का. सांडलेलं कालवण लोकलच्या डब्यात पुसायला कोणी कापड देत नाही, म्हणून डबा उभाच राहील अशा सपाट तळाची पिशवी घरून घेऊन जा.